आयडीए लावाच, पण जुना बिटमॅप काय सांभाळत होता ते आधी बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर तुम्हाला लगेच दिसेल. तुम्ही हिंजवडीत एका आरडीएमए कार्डाच्या (एका मशीनच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत थेट डेटा नेणाऱ्या नेटवर्क कार्डाच्या) लिनक्स ड्रायव्हरवर काम करता. क्यूपी (कनेक्शनच्या रांगांची जोडी), सीक्यू (पूर्ण झालेल्या कामांची रांग), पीडी (संरक्षणाचा गट), एमआर (नोंदवलेला मेमरीचा तुकडा) अशा सगळ्या गोष्टींचे आयडी वाटायला ड्रायव्हरमध्ये कंपनीचा स्वतःचा बिटमॅपवाला, म्हणजे प्रत्येक आयडीमागे एक बिट ठेवणारा, कोड आहे, सुमारे तीनशे ओळींचा. कर्नलमधला हा भाग सांभाळणाऱ्या मेंटेनरनी सांगितलं की हा काढा आणि कर्नलमधला आयडीए, म्हणजे आयडी वाटणारा तयार सामायिक कोड, वापरा. तुम्ही सगळीकडे एकाच पॅचमध्ये बदल केला, साध्या चाचण्या पास झाल्या. पण कनेक्शनं भराभर जोडून-तोडून पाहिली की कधी नव्या क्यूपीवर आधीच्या कनेक्शनची पॅकेटं येतात, आणि कधी लॉगमध्ये चुकीच्या ठिकाणी झोपणारं फंक्शन बोलावल्याचा इशारा उमटतो. वरिष्ठ म्हणतात, चालता कोड हलवायला नको होता, जुनाच परत लावा. मेंटेनर बरोबर की वरिष्ठ, असं तुम्ही विचारलंय.

पुण्यात राहून गेली अठरा वर्षं मी स्टोरेज आणि नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर लिहितोय, आणि असा बदल चार वेगवेगळ्या ड्रायव्हरांत केलाय. माझं उत्तर असं: कोड काढायला सांगण्यात मेंटेनर बरोबर आहेत, आणि त्या कोडात काहीतरी मोलाचं होतं ही वरिष्ठांची शंकाही खरी आहे. त्या तीनशे ओळी दोन कामं करत होत्या. कुठला आयडी दिलाय आणि कुठला रिकामा आहे याची नोंद ठेवणं हे एक. परत आलेला आयडी पुन्हा कधी आणि कोणत्या रूपात द्यायचा हे ठरवणं हे दुसरं. पहिलं काम कर्नलचा सामायिक कोड तुमच्यापेक्षा नक्की चांगलं करतो. दुसरं काम तुमच्या हार्डवेअरशी झालेला करार आहे, ते आयडीएला माहीत असण्याचं कारणच नाही. तुमच्या पॅचमध्ये दोन्ही एकदम गेली.

आधी मेंटेनरांची बाजू, कारण ती तुम्हाला वरिष्ठांपुढे मांडावी लागेल. आरडीएमएत क्यूपीचा क्रमांक 24 बिटांचा असतो. एवढ्या सगळ्या आकड्यांसाठी सलग बिटमॅप ठेवला तर 2 एमबी मेमरी ड्रायव्हर चढतानाच जाते, मग प्रत्यक्षात चाळीसच क्यूपी वापरात असोत. आयडीए आतून कर्नलच्या लागेल तशा वाढणाऱ्या तक्त्यावर, म्हणजे एक्सअ‍ॅरेवर उभा आहे. तो 1024 आयडींमागे 128 बाइटांचा तुकडा लागेल तसा घेतो, आणि थोडेच बिट लागले तर तेवढाही घेत नाही, बिट थेट एक्सअ‍ॅरेच्या नोंदीतच ठेवतो. लॉकिंग त्याचं स्वतःचं आहे. न दिलेला आयडी परत केलात तर तो लॉगमध्ये सरळ बोंब मारतो. तुमचा बिटमॅप बहुधा आधीच शून्य असलेला बिट पुन्हा शून्य करून गप्प बसत असेल. शिवाय आयडीए आणि एक्सअ‍ॅरे दोन्हींच्या चाचण्या कर्नलच्याच झाडात आहेत, आणि कोपऱ्यातला एखादा दोष सापडला की तो सगळ्यांसाठी एकदम दुरुस्त होतो. तुमच्या तीनशे ओळींवर लक्ष ठेवणारं तुमच्या टीमबाहेर कोणी नाही, आणि ज्यानं त्या लिहिल्या तो बहुधा आता त्या टीममध्येही नसेल.

आता पहिलं लक्षण, जुनी पॅकेटं नव्या क्यूपीवर. आयडीए नेहमी सर्वात लहान रिकामा आकडा देतो. क्यूपी 17 बंद केलात आणि लगेच नवा मागितलात, की तुमच्या हातात पुन्हा 17. पण पलीकडच्या मशीनला अजून काही कळलेलं नाही. त्याची पॅकेटं तारेत आहेत, स्विचमध्ये आहेत, काही पुन्हा पाठवली जाताहेत. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार संपून भाडेकरू जातो आणि त्याच आठवड्यात नवा येतो, तेव्हा जुन्याची कुरियरं येतच राहतात ना, आणि नवा माणूस चुकून सही करून ती घेतोही. तेच इथे होतंय. पॅकेटवरचे अनुक्रम बहुतेक वेळा जुळत नाहीत म्हणून कार्ड ती टाकून देतं, पण अनुक्रमही 24 बिटांचाच आहे. ‘बहुतेक वेळा’वर डेटाची सुरक्षितता सोपवायची नसते.

जुना कोड हे कसं टाळत होता ते उघडून बघा. मी पैजेवर सांगतो, त्यात ‘लास्ट’ किंवा ‘नेक्स्ट’ अशा नावाचा एक आकडा सापडेल. शोध तिथून पुढे सुरू होत असेल आणि शेवटाला पोचला की पहिल्यापासून. म्हणजे 17 परत आला तरी सगळी फेरी पूर्ण होईपर्यंत तो पुन्हा मिळत नसे. कदाचित ‘टॉप’ आणि ‘मास्क’ अशीही दोन नावं दिसतील. ही पद्धत मेलानॉक्सच्या जुन्या एमथका आणि एमएलएक्स4 या ड्रायव्हरांत आहे आणि पुढे कितीतरी जणांनी ती उचलली. कार्ड समजा 64 हजार क्यूपीच सांभाळू शकतं, म्हणजे आयडीला 16 बिट पुरतात, पण क्रमांक तर 24 बिटांचा. मग वरचे मोकळे बिट दर फेरीला बदलायचे. टेबलातली ओळ तीच, पण बाहेरून दिसणारा क्रमांक वेगळा, आणि जुन्या क्रमांकाची पॅकेटं कार्ड आपोआप टाकून देतं. फार विचारपूर्वक केलेली रचना आहे ती. पण कोडात तिच्यावर एका ओळीचीही टिप्पणी नसते, म्हणून नवीन माणसाला ती नुसती गुंतागुंत वाटते आणि तो काढून टाकतो.

मीही ती काढून टाकली होती. एका स्टोरेज कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये कमांडचे टॅग वाटणारा जुना कोड काढून मी सर्वात लहान रिकामा आकडा देणारा सामायिक कोड लावला, आणि तीन आठवडे आमची लॅब झोपली नाही. कधीतरी, दिवसातून एखाद्या वेळी, वाचलेला डेटा दुसऱ्याच ब्लॉकचा निघायचा. कारण सापडलं ते असं: कमांडला उशीर झाला की ड्रायव्हर टॅग मोकळा करायचा आणि मग फर्मवेअरला ती कमांड रद्द करायला सांगायचा. क्रम उलटा होता, आणि तो पहिल्या दिवसापासून उलटा होता. जुना कोड 1024 टॅगांची फेरी मारायचा, त्यामुळे उशिरा आलेलं उत्तर रिकाम्या टॅगवर पडायचं आणि ड्रायव्हर ते सोडून द्यायचा. माझ्या बदलानंतर तोच टॅग त्याच क्षणी दुसऱ्या कमांडला मिळाला, आणि उशिराच्या उत्तरानं ती कमांड पूर्ण झाली असं ठरलं. दोष मी घातला नव्हता, पण त्याच्यावरचं झाकण मी काढलं होतं. ग्राहकाच्या दृष्टीनं या दोन गोष्टींत काही फरक नसतो.

त्यामुळे बदलाआधी प्रत्येक जातीच्या आयडीसाठी एक प्रश्न विचारा: हा आयडी मी मोकळा केला त्या क्षणी जगात आणखी कोणाकडे तो शिल्लक आहे का? पीडी आणि डोअरबेलचं पान (काम आल्याचं कार्डाला कळवण्याची जागा) यांच्याबाबत उत्तर सहसा ‘नाही’ असं असतं. हार्डवेअरनं नष्ट केल्याची पोच दिली की विषय संपतो. तिथे आयडीए जसाच्या तसा लावा. सीक्यूबाबत कार्डाच्या इव्हेंट रांगेत जुनी नोंद पडून असू शकते. म्हणून आधी हार्डवेअरला नष्ट करायला सांगायचं, मग चालू इंटरप्ट हँडलर संपेपर्यंत थांबायचं, आणि सगळ्यात शेवटी आयडी सोडायचा. एमआरची चावी पलीकडच्या मशीनकडे गेलेली असते, तिचं काय होईल यावर तुमचा ताबा नाही. पण चावीच्या 32 बिटांपैकी खालचे 8 बदलता येतात. आयडीएकडून वरचा क्रमांक घ्या आणि खालचा बाइट दर वेळी वेगळा ठेवा, म्हणजे जुनी चावी नव्या मेमरीला लागणार नाही.

क्यूपीसाठी फेरी लागेलच, आणि इथेच बरेच जण अडतात, कारण आयडीएमध्ये फेरीची सोय नाही. त्यासाठी बिटमॅपकडे परत जायची मात्र गरज नाही. मुख्य कर्नलमधला हायसिलिकॉनचा एचएनएस ड्रायव्हर बघा. त्यांनीही 2020-21च्या सुमारास आपला बिटमॅप सोडून आयडीए घेतला. त्यांच्या कार्डात क्यूपी 8 बँकांत विभागलेले असतात आणि क्रमांकाचे खालचे 3 बिट बँक सांगतात. ड्रायव्हर सर्वात कमी भार असलेली बँक निवडतो, त्या बँकेच्या आयडीएकडे ‘नेक्स्टपासून कमालपर्यंत’ अशा पट्ट्यात आयडी मागतो, नाही मिळाला तर किमानपासून पुन्हा मागतो, आणि मग नेक्स्ट एकानं पुढे सरकवतो. नोंद ठेवायचं काम पूर्ण आयडीएचं. फेरी आणि बँक ही धोरणं ड्रायव्हरमध्येच, दहा-पंधरा ओळींत, वर स्पष्ट टिप्पणीसह. तुम्हाला हवं आहे ते हेच. फक्त नेक्स्टला तुमचं स्वतःचं लॉक लागेल हे विसरू नका. आयडीए त्याच्या आतलं सांभाळतो, तुमचा आकडा नाही.

दुसरं लक्षण, झोपणाऱ्या फंक्शनचा इशारा, याचा पहिल्याशी काही संबंध नाही. बिटमॅपची मेमरी आधीच घेतलेली होती, त्यामुळे आयडी देताना मेमरी लागत नसे आणि कोणीही स्पिनलॉक (जे धरलं असताना झोपायला मनाई असते असं लॉक) धरून तो कोड बोलावला तरी चालून जाई. आयडीए देताना मेमरी मागू शकतो. तुम्ही जीएफपी कर्नल (गरज पडली तर झोपून मेमरी मिळवा, अशी सूचना) दिलंत आणि हाक मारणाऱ्यानं स्पिनलॉक धरलेला असला, की हा इशारा येणारच. सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे तिथे न झोपणारं जीएफपी अ‍ॅटॉमिक लिहिणं. इशारा जाईल, पण मेमरी कमी असताना क्यूपी बनवणं विनाकारण फसेल. आयडी लॉक घेण्याआधीच मिळवा, लॉकच्या आत फक्त तो जागेवर ठेवा, पुढे काही फसलं तर लॉक सोडून परत करा. माझ्या चारही ड्रायव्हरांत हे जमलं. आयडी देणं आता मेमरीअभावीही फसू शकतं, म्हणजे चूक झाल्यावर परत फिरणारा सगळा कोड पुन्हा वाचायला हवा. आधी ती वाट कधी चाललीच नसेल.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या पॅचमध्ये असण्याची दाट शक्यता आहे अशी एक गोष्ट सांगतो: पट्ट्याची वरची टोकं. जुन्या आयडीए सिंपल गेटमध्ये शेवटचा आकडा पट्ट्याबाहेर धरला जाई. आयडीला पॉइंटर जोडणाऱ्या आयडीआर अ‍ॅलोकमध्ये आजही तसंच आहे. 2018मध्ये 4.19 कर्नलबरोबर आलेल्या आयडीए अ‍ॅलोक मॅक्स आणि आयडीए अ‍ॅलोक रेंजमध्ये मात्र कमाल आकडा पट्ट्यात धरला जातो. बिटमॅपचा कोड ‘एकूण किती’ या भाषेत बोलतो, नवा कोड ‘सर्वात मोठा कोणता’ या भाषेत. 65,536 क्यूपी असतील तर कमाल म्हणून 65,535 द्यायला हवा. एक वजा करायला विसरलात तर शेवटच्या क्यूपीची माहिती टेबलाच्या बाहेरच्या ओळीत लिहिली जाईल, आणि ती चूक टेबल पूर्ण भरेपर्यंत दिसणार नाही. ग्राहकाकडे एखाद्या दिवशी ते भरतंच.

याच्या उलट बाजूलाही खड्डा आहे. फर्मवेअरनं एखादी सोय नाही म्हणून तिची संख्या 0 सांगितली, आणि तुम्ही विचार न करता त्यातून एक वजा केलात, तर कमाल आकडा ऋण ठरतो. आयडीए ऋण कमालचा अर्थ ‘मर्यादा नाही’ असा घेतो. म्हणजे जी सोय कार्डात नाही तिचे आयडी ड्रायव्हर आनंदानं वाटत सुटेल. संख्या 0 असेल तर आधीच परत फिरा. राखीव आकड्यांसाठी किमान आणि कमाल हे दोन्ही वापरा. इन्फिनिबँड या आरडीएमएच्या नेटवर्कमध्ये क्यूपी 0 आणि 1 व्यवस्थापनासाठी राखीव असतात, ते वाटपात येऊच देऊ नका. आणि जागा संपली की आयडीए ‘नो स्पेस’ ही चूक परत करतो. तुमचा जुना कोड ‘नो मेमरी’ किंवा नुसता उणे एक देत असेल, तर वरच्या थरात त्यावर कोणी अवलंबून आहे का ते शोधा.

काही ठिकाणी आयडी वाटून झाल्यावर त्यावरून वस्तू शोधावीही लागते. इव्हेंटमध्ये सीक्यूचा क्रमांक येतो आणि त्यावरून ड्रायव्हरची रचना हवी असते. तिथे आयडीए आणि वेगळं शोधटेबल असं दुहेरी करू नका, एक्सअ‍ॅरेची अ‍ॅलोक दोन्ही कामं करते. पण वस्तू पूर्ण तयार होण्याआधी तिचा पॉइंटर आत ठेवलात तर इंटरप्ट हँडलरच्या हाती अर्धवट वस्तू लागेल. आधी पॉइंटरऐवजी नल ठेवून जागा राखायची, सगळं झाल्यावर खरा पॉइंटर साठवायचा. अ‍ॅलोकसाठी उघडलेल्या एक्सअ‍ॅरेत नल ठेवलेली जागा ‘व्यापलेली’च मानली जाते, हे मुद्दाम तसं केलेलं आहे. एक्सअ‍ॅरेत फेरीची तयार सोयही आहे, एक्सए अ‍ॅलोक सायक्लिक. तिचं परत येणारं मूल्य नीट वाचा: 2025च्या बदलाआधीच्या कर्नलांत फेरी पूर्ण होऊन पुन्हा सुरुवात झाली तर ती 1 देई, आणि ते यशच होतं. शून्य नाही म्हणजे चूक, असं तपासणाऱ्या कोडात हा दोष कर्नलमध्ये एकाहून अधिक ठिकाणी सापडलाय. फक्त ऋण मूल्यालाच चूक माना.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टीही आहेत. सलग आठ आयडी एकदम लागत असतील तर आयडीए ते देत नाही. मग कर्नलमधलीच बिटमॅपची सामायिक फंक्शनं वापरा, सलग रिकामा पट्टा शोधणारं फंक्शन तिथे आहे. दर कमांडला आयडी लागत असेल, म्हणजे वेगवान वाटेवर, तर एसबिटमॅप, म्हणजे अनेक सीपीयूंसाठी वाटून ठेवलेला बिटमॅप, बघा. ब्लॉक थराचे टॅग त्यावरच चालतात आणि त्यात फेरीचा पर्यायही आहे. आयडीएचं एकच लॉक आहे, सेकंदाला लाखो वेळा त्यावर रांग लागू द्यायची नाही. आणि कंपनी जुन्या कर्नलसाठीही ड्रायव्हर वेगळा देत असेल, तर ही नवी फंक्शनं तिथे नसतील. आयडीए सिंपल गेट मात्र मुख्य कर्नलमधून आता काढून टाकलंय. जुळवणीचा पातळ थर तुमच्या बाहेरच्या झाडात ठेवा, मेंटेनरकडे जाणाऱ्या पॅचमध्ये त्याचा मागमूस नको.

चाचणीबद्दल एवढंच: खऱ्या मर्यादेची वाट बघू नका. तात्पुरत्या पॅचनं क्यूपींची कमाल संख्या 8 करा आणि जोडा-तोडा चालू ठेवा. फेरीतले, टोकाचे आणि जागा संपल्यावरचे दोष दहा मिनिटांत वर येतात. लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारं साधन) आणि अ‍ॅटॉमिक स्लीपची तपासणी चालू ठेवलेला कर्नल वापरा, आणि फेलस्लॅबनं मेमरी मुद्दाम नाकारायला लावा. ड्रायव्हर उतरताना आयडीए रिकामा आहे का ते तपासून, नसेल तर इशारा देणारी एक ओळ घाला. आयडीए डिस्ट्रॉय गळालेल्या आयडींबद्दल काही न बोलता सगळं मोकळं करतं. आमच्या एका ड्रायव्हरमध्ये त्या एका ओळीनं दोन जुन्या गळत्या दाखवल्या.

आता पॅच. एकच मोठा पॅच मागे घ्या आणि जातीनुसार तोडा. आधी आयडी सोडण्याचा क्रम आणि लॉकची जागा दुरुस्त करणारे पॅच, तेही जुना बिटमॅप तसाच ठेवून. सोडण्याचा क्रम हा स्वतंत्र दोष आहे, त्याची दुरुस्ती जुन्या कर्नलांतही जायला हवी. मग पीडी आणि डोअरबेल, मग एमआर, मग सीक्यू. शेवटी क्यूपी, आणि बिटमॅपची फाइल काढून टाकणारा पॅच अगदी अखेरचा. क्यूपीच्या कमिट मेसेजमध्ये नेक्स्ट का ठेवलाय ते दोन वाक्यांत लिहा, नाहीतर तीन वर्षांनी दुसरं कोणीतरी तो ‘नको असलेला’ म्हणून काढेल. वरिष्ठांना हा क्रम दाखवा. त्यांची भीती नेमकी कुठल्या पॅचबद्दल आहे ते मग बोलता येईल.

आणि क्यूपीला हात लावण्याआधी हार्डवेअरच्या मंडळींना एक पत्र टाका. ती बहुधा दुसऱ्या देशात असतील, उत्तराला दोन-तीन दिवस लागतील, म्हणून आजच टाका. दोनच गोष्टी विचारा. क्यूपी नष्ट केल्याची पोच आल्यावर कार्ड त्या क्रमांकावर काही लिहू शकतं का? आणि 24 बिटांपैकी टेबलाला न लागणारे वरचे बिट कार्ड तपासतं की दुर्लक्षित करतं? तपासत असेल तर दर फेरीला ते बदला. दुर्लक्षित करत असेल तर नुसत्या नेक्स्टवर भागवावं लागेल, आणि मग क्यूपींची संख्या कमी असलेल्या कार्डांवर फेरी किती लवकर पूर्ण होते ते मोजूनच पुढे जा.